ब. घे. सां.

"साहेब, ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतोय."

गौसभाई खिडकीत उभे होते. माझ्या डाव्या कानाला फोन होता, उजव्या हातात साबुदाण्याच्या खिचडीचा चमचा होता, आणि फोनवर कुडाळचा सिमेंटचा व्यापारी "गाडी निघाली का, गाडी निघाली का" हे एकच पालुपद लावून बसला होता. मी चमचा डब्यात ठेवला, फोनच्या तोंडावर हात धरला आणि म्हणालो, "बघून घ्या, गौसभाई."

ते क्षणभर तिथंच थांबले. खिडकीच्या गजावर त्यांनी बोटानं दोनदा टकटक केलं. ती त्यांची सवयच होती, निघताना करायची. मग ते गेले.

मी फोनवर सांगितलं, "निघाली." समोरची वही ओढून चालकाची तक्रार या रकान्यात लिहिलं, 'ब्रेक'. त्याच्या पुढच्या रकान्यात, म्हणजे 'केलेली कार्यवाही' असं जिथं छापलं होतं तिथं, लिहिलं, 'ब. घे. सां.' खाली सही ठोकली, व्यापाऱ्याचा फोन पुन्हा वाजला तसा पाठ फिरवून त्याला परत "निघाली" म्हणालो आणि राहिलेली खिचडी संपवली. ती गार झाली होती, याचंच मला त्या वेळी वाईट वाटलं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी तेव्हा कोल्हापूरच्या बाहेर, राधानगरीच्या रस्त्याला, अण्णा मगदुमांच्या ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या सोडायच्या कामावर होतो. हुद्दा विचाराल तर मॅनेजर. म्हणजे टेबल माझं, फोन माझा आणि शिव्याही माझ्याच. अकरा ट्रक होते. इथून सिमेंटची पोती भरून फोंडा घाटानं खाली कोकणात जायची आणि येताना फाउंड्रीला लागणारी वाळू घेऊन वर यायची. ती तक्रारींची वही विमावाल्यांनी मागितली म्हणून सुरू झाली होती. अण्णांनी चांगली पुठ्ठा बांधलेली वही छापून आणली आणि माझ्या पुढ्यात आपटून म्हणाले, "रकाना मोकळा ठेवायचा न्हाई."

मी तो कधीच मोकळा ठेवला नाही. वायपर चालत नाही, बघून घेण्यास सांगितले. मागचा दिवा लागत नाही, बघून घेण्यास सांगितले. रोज तेच लिहून हात दुखायला लागला तेव्हा मी त्याचं 'ब. घे. सां.' केलं. एकदा एका ड्रायव्हरनं कंबर दुखते म्हणून सांगितलं, तर त्याच्यापुढंही मी तेच लिहून मोकळा झालो होतो.

दुपारी साडेचारला घाटातल्या एका टपरीवरून फोन आला. तिसऱ्या वळणाला ब्रेक लागला नव्हता. पहिल्या दाबाला नाही, दुसऱ्याला नाही, कितव्याच नाही. खालून एसटी चढत होती. गौसभाईंनी ती वळणावर पोचायच्या आत दोनशे पोत्यांची गाडी डोंगराच्या अंगाला घातली. डोंगर उजव्या हाताला होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अंगाला. एसटीतल्या एकालाही खरचटलं नाही. गौसभाईंना केबिन कापून बाहेर काढावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

अण्णांनी मला आतल्या खोलीत बोलावलं तेव्हा वही त्यांच्यापुढं उघडी होती. अण्णा सातवी शिकलेले, पण वकिलांच्या संगतीनं त्यांना कायदा चांगला कळायचा.

"भालू, चौकशी लागणार. कामगार खात्याच्या बाई येत्यात. आता हे काय लिवलंयस ते सांग."

"बघून घेण्यास सांगितले."

"झक्कास!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "वाचलो आपण. अरं, शब्द सरळ हाय. बघून, घ्या. आधी बघा, मग घ्या. व्याकरण कर की लेका! तू त्याला गाडी तपासायला सांगितलीस. त्यानं न तपासता घेतली. चूक कुणाची?"

"पण अण्णा, मी म्हणालो तेव्हा..."

"म्हणालास न्हवं बघून घ्या?"

"म्हणालो."

"मग झालं तर."

वकिलानं त्यांना सगळं समजावून दिलं होतं, आणि ते त्यांनी मला दिलं. दोष गौसभाईंचा ठरला तर निष्काळजीपणाचा खटला त्यांच्यावर, आणि भरपाईवर बहुतेक पाणी. दोष गाडी सोडणाऱ्याचा ठरला तर खटला अण्णांवर आणि माझ्यावर. सही माझी होती. घरी दोन मुली, शाळेत जाणाऱ्या. सगळं त्या दोन शब्दांवर येऊन थांबलं होतं, आणि ते शब्द बोलणारा मी एकटा होतो.

कुणाला वाटेल, यात अवघड काय? आपण काय म्हणालो ते आपल्याला माहीत असतंच. पण देवाशपथ सांगतो, मला माहीत नव्हतं. मी घरी जाताना स्कूटरवर ते शब्द म्हणून बघितले. 'बघून' वर जोर दिला की मी चांगला माणूस वाटायचो. 'घ्या' वर जोर दिला की वाटायचं, याला जोड्यानं मारला पाहिजे. दोन्ही सारखेच म्हटले की काहीच वाटायचं नाही, आणि मला तर तसंच म्हटल्याचं आठवत होतं. नाक्यावर सिग्नलला मी जरा मोठ्यानं म्हणालो, "बघून घ्या!" तर शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं गाडी स्टँडला लावली आणि म्हणाला, "काय बघून घ्यायचं? हितंच घे की!" त्याची समजूत घालता घालता मला घाम फुटला.

रात्री जेवताना मी मंदाकिनीला, म्हणजे बायकोला, विचारलं. "समज, तू मला काहीतरी नादुरुस्त आहे म्हणून सांगितलंस आणि मी म्हणालो, बघून घे. तर त्याचा अर्थ काय?"

तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली. "समजायचं काय त्यात? गॅस संपला म्हटलं की तुम्ही म्हणता, बघून घे. नळ गळतोय म्हटलं की बघून घे. तुमच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हापण तेच म्हणालात."

"हो, पण अर्थ?"

"अर्थ हाच की आता मला विचारू नको."

मी म्हणालो, घरातलं वेगळं आणि कामावरचं वेगळं. ती म्हणाली, "असंल बाई." मला तिचा राग आला, आणि राग का आला हे कळेना, म्हणून मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

दोन दिवसांनी डोईफोडे बाई आल्या. बीडकडच्या, कोल्हापुरात नव्यानंच बदलून आलेल्या. पायांत साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. अण्णांनी मागवलेला उसाचा रस त्यांनी बाजूला सारला आणि वही उघडली.

"ब. घे. सां.," त्यांनी वाचलं. "हा कुठला पार्ट असतो?"

"पार्ट नाही, मॅडम. बघून घेण्यास सांगितले."

"कुणी बघून घ्यायचं?"

"ड्रायव्हरनं."

"काय?"

"गाडी."

"आणि बघून काय करायचं?"

"घ्यायची."

"खराब निघाली तरी?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा रसाच्या ग्लासाकडं बघत होते. बाई पानं उलटायला लागल्या. पान उलटलं की ब. घे. सां., पुन्हा उलटलं की पुन्हा तेच. मला माझंच अक्षर बघवेना.

"या रकान्यात तुम्ही कधी दुसरं काही लिहिलंय का?"

मी वही घेऊन शोधायला लागलो. बराच वेळ शोधल्यावर सापडलं. 'हॉर्न बदलला.' मी उत्साहानं बोट ठेवलं. बाईंनी बघितलं आणि विचारलं, "ही कुठली गाडी?"

ती अण्णांची जीप होती.

"चौगुले," वही मिटत बाई मला म्हणाल्या, "आमच्याकडं कुणी 'बघून घेतो' म्हटलं की लोक काठ्या शोधतात. तुमच्याकडं त्याचा अर्थ काय, ते मला तुमच्याकडूनच कळणार. त्या दिवशी तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"दोन्ही," मी म्हणालो. खरंच तेवढंच माझ्या तोंडून निघालं.

"दोन्ही कसं असंल? थांबा आणि जा, दोन्ही?" त्या रागावल्या नाहीत, नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. "शुक्रवारी परत येते. तोवर आठवून ठेवा. मला जबाब घ्यायचाय."

त्या गेल्यावर अण्णा म्हणाले, "दोन्ही म्हणं! अरं, असल्या जागी एकच उत्तर आसतंय. शुक्रवारी नीट बोल, न्हाईतर मी बोलंन."

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात गेलो. खरं सांगायचं तर गौसभाईंना बघायला कमी आणि उत्तर मागायला जास्त. ऐकणाऱ्याला तरी कळलं असेल की मी काय म्हणालो, असा माझा हिशेब होता. पिशवीत मोसंबी होती. ते लोखंडी कॉटवर उशीला टेकून बसले होते, आणि चादर एका बाजूला सपाट होती. तिकडं बघायचं नाही असं मी जिन्यातच ठरवलं होतं, आणि पहिल्यांदा नजर तिकडंच गेली.

"गाडी काढली का वर?" त्यांनी विचारलं.

"काढली."

"पोती?"

"निम्मी फुटली."

"आरारा," ते हळहळले. गौसभाई पन्नाशीचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. तीस वर्षांत त्यांच्या हातून कोंबडी मेली नव्हती.

मी मोसंबं सोलायला घेतलं. "गौसभाई, एक विचारू? मी बघून घ्या म्हणालो, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटायचं? साहेब म्हणाले, बघून घ्या."

"म्हणजे गाडी न्या, की थांबा?"

लहान पोराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बोलला तुम्ही, आणि इच्यारताय मला?"

मी मोसंबं सोलत राहिलो. त्यांनी दाराकडं नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही काळजी करू नगासा. परवा अण्णा येऊन गेले. म्हणाले, गौस, तू न बघता गाडी घेतलीस, एवढं बाईला सांग. गेटवर खुर्ची टाकून देतो, मरंस्तोवर बस. मी व्हय म्हणलोय. पाय न्हाई त्याला खुर्ची मिळाली, आजून काय पायजे?"

"पण तुमच्यावर खटला होईल!"

"वकील अण्णांचा हाय. दंड भरतील म्हणाले."

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू? एक क्षणभर माझं अंग हलकं झालं. आणि लगेच त्या हलकं होण्याचीच लाज वाटली. आता उत्तर शोधायची गरजच उरली नव्हती, तरी मी तिथून उठेना.

"माझ्याशी आणखी बोलायचं होतं का तुम्हाला त्या दिवशी? खिडकीत थांबला होता तुम्ही."

"थांबलो हुतो खरा," ते म्हणाले. "पर तुमच्या फुड्यात डबा हुता. खिचडीचा. म्हणलं, माणूस उपाशी हाय, खाऊ दे. उपास असतोय तुमचा सोमवारचा, ठावं हाय की मला."

एवढं बोलून त्यांनी मोसंब्याची फोड हातातून घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, दमले असतील.

मी ऑफिसात परत आलो आणि खुर्चीवर बसलो. खिडकीतून समोरच्या शंकर मिस्त्रीच्या गॅरेजचे आवाज येत होते. हातोडा, पान्हे, कुणीतरी कुणालातरी घातलेली शिवी. शटर वर होतं, दारात एक ट्रक जॅकवर चढवला होता. रोज दिसणारंच दृश्य. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

आमच्या त्या पट्ट्यातली सगळी गॅरेजं सोमवारी बंद असतात. शंकर मिस्त्रीचंच नव्हे, नाक्यापर्यंतची सगळी. बारक्या पोरालाही हे माहीत असतं. त्या दिवशी गौसभाई खिडकीत उभे होते, आणि त्यांच्या खांद्यावरून मला समोरचं शटर दिसत होतं. बंद. खाली कुलूप होतं, कुलपाला लिंबू-मिरची बांधलेली होती. इतके दिवस मी माझा आवाज आठवत होतो, जोर कुठल्या शब्दावर होता ते आठवत होतो. मी कुठं बघत होतो ते आठवायचं मला सुचलंच नव्हतं. की सुचू दिलं नव्हतं, कोण जाणे. पण ते शटर मी बघितलं होतं, त्याच्याकडं बघतच बोललो होतो.

त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

शुक्रवारी बाई आल्या. अण्णा माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसले. या खेपेला रस नव्हता, चहा होता.

"हं, चौगुले. आठवलं का?"

"मॅडम, त्या दिवशी सोमवार होता."

बाईंनी पेन थांबवलं. अण्णा उसळलेच. "सोमवारचा काय संबंध? उपास काय त्याला धरायला लावला हुता का कुणी?"

"तुम्ही थांबा," बाई त्यांना म्हणाल्या. "सोमवार होता. मग?"

"सोमवारी इकडची गॅरेजं बंद असतात. गौसभाईंनी गाडी बघितली असती आणि खराब निघाली असती, तरी ती दाखवायची कुणाला? आणि गॅरेज बंद होतं हे मला माहीत होतं. इथून दिसतं ते. त्यांच्या पाठीमागं दिसत होतं."

बाई उठल्या. खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, बाहेर बघितलं, माझ्या खुर्चीकडं बघितलं आणि परत येऊन बसल्या.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"घ्या म्हणालो."

"आणि 'बघून' कुठं गेलं?"

"ते त्यांच्यासाठी नव्हतं, मॅडम. ते माझ्यासाठी होतं. वहीत लिहायला."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अण्णांचा चहा गार झाला. मी सही केली, आणि वहीतल्या सगळ्या सह्यांपेक्षा ती सही नीट आली.

बाई फाटकाबाहेर पडेपर्यंत अण्णा त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "भालू, उद्यापास्नं तुला सातीवार सोमवार. कामावर येऊ नगंस."

आता कुणाला वाटेल, मी मोठा तीर मारला आणि गौसभाईंनी मला मिठी मारली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. मी तडक दवाखान्यात गेलो, आणि बातमी ऐकून ते माझ्यावर असे भडकले की शेजारच्या कॉटवरचा म्हातारा उठून बसला.

"कुणी सांगितला हुता ह्यो शानपणा? माझी खुर्ची घालवली न्हवं! आता अण्णा उभा करंल मला दारात? आणि उभं ऱ्हायला पाय तरी हाय का मला?"

"पण गौसभाई, खरं तेच..."

"खरं!" त्यांनी चादर मुठीत धरली. "तुम्हाला काय ठावं खरं? मी बघितलं हुतं, साहेब."

"काय बघितलं होतं?"

"तुम्ही बघून घ्या म्हणला. मी गेलो खाली, गाडीच्या बुडाशी. ब्रेकचा पाइप जोडावर वला हुता. बोट लावून बघितलं, ऑइल हुतं. उठलो, समोर शटर बंद. परत खिडकीकडं आलो. तुम्ही पाठमोरं हुता, फोनवर. म्हणत हुता, निघाली, निघाली, कवाच निघाली." ते थांबले, घोटभर पाणी प्याले. "आता निघालेली गाडी हितं कशी उभी करायची? म्हणून मग निघालो."

मी वहीत लिहिलं, तेव्हा ते गाडीखाली होते. मी परत 'निघाली' म्हणालो, तेव्हा ते माझ्या पाठीमागं खिडकीत उभे होते. बोटाला ऑइल लागलेलं होतं.

"एसटीत माणसं हुती," गौसभाई म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "चाळीस तरी असतील. तुम्ही न बघता बोलला, मी बघून घेतली. कुणाची चूक मोठी, सांगा की. तुमची मॅडम सांगंल का?"

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. त्या दिवशी मी कॉटच्या कडेला बसून रडलो, आणि ते तोंड फिरवून बसले. निघताना मी दाराच्या चौकटीवर बोटानं टकटक केलं, का कुणास ठाऊक. त्यांनी वळून बघितलं नाही.

पुढं खटला चार वर्षं चालला. अण्णांना आणि मला दंड झाला, गौसभाईंना भरपाई मिळाली आणि गेटवरची खुर्ची मिळाली नाही. मी एका पशुखाद्याच्या दुकानात लागलो. गौसभाईंना भेटावं असं पुष्कळदा वाटलं. पण भेटून काय बोलायचं ते ठरेना, म्हणून राहून गेलं.

अकरा वर्षांनी, गारगोटीला एका लग्नाला गेलो होतो, परत येताना रस्त्याच्या कडेला एक पाटी दिसली. 'जमादार ब्रेक वर्क्स.' आणि खाली लाल रंगात, मोठ्या अक्षरांत, 'सोमवारी चालू.'

मी स्कूटर थांबवली. वार सोमवारच होता. आजूबाजूची दोन्ही गॅरेजं बंद होती. या एका शेडमध्ये एक तरुण माणूस टेम्पोचं चाक उतरवत होता आणि दारात स्टुलावर गौसभाई बसले होते. दाढी पांढरी झालेली, उजव्या पँटमधून लाकडी पाय पुढं आलेला. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"काय झालं स्कूटरला?"

"काही नाही. ब्रेक जरा..."

"कितव्या दाबाला?"

"पहिल्याच," मी म्हणालो.

"मग कशाला आलायसा?"

मी पाटीकडं बोट केलं. त्यांनी मान वर करून पाटीकडं असं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी रंगवली असावी.

"बाकीची बंद आसली की गिऱ्हाईक मिळतंय," ते म्हणाले. "धंदा हाय. जावयानं काढलाय."

एवढंच असेल, किंवा नसेल. मी विचारलं नाही. त्यांनी आत हाक मारली, "सलीम, साहेबांची स्कूटर घे रं आत." मग शेजारचं दुसरं स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बसा. उपास आसंल आज. चहा चालतोय न्हवं?"

"चालतो. पण गौसभाई, ब्रेक चांगला आहे. मला संध्याकाळच्या आत पोचायचंय, निघतो मी."

त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, निरोपाचा. मी हात दिला, तर त्यांनी माझ्या मुठीतली किल्ली काढून घेतली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"बघून होऊ दे," ते म्हणाले. "तवर न्हाई मिळायची."